अनुदानाला तारीख कां नाहीं?

परवां एका तालुक्याच्या कचेरींत आम्हांला दोन-अडीच तास बसावें लागलें. आमचें काम किरकोळ होतें. परंतु तेवढ्या वेळांत डोळ्यांपुढें जें घडलें तें किरकोळ नव्हतें. निराधारांच्या टेबलासमोर पंचवीस-तीस माणसें भिंतीला पाठ लावून बसलीं होतीं. कोणी डोळ्यांनीं अधू, कोणी कुबडीवर आलेला; एका बाईच्या मांडीवर मान न सावरणारें दहा-बारा वर्षांचें पोर; एका म्हाताऱ्याला तर त्याच्या नातवानें पाठुंगळीं घेऊन जिना चढवून आणलें होतें, कारण पांगळ्यांचें टेबल कचेरीनें वरच्या मजल्यावर मांडलें आहे! ती पोरवाली बाई कारकुनाला म्हणाली, "भाऊसाहेब, चार महिने झाले, पासबुकावर एक रुपया चढला नाहीं. दुकानदार आतां मीठसुद्धां उधार देईना." कारकून म्हणाला, "मावशी, वरूनच आलं नाहीं तर मी कुठून देऊं? पुढच्या आठवड्यांत बघून जा." बाई म्हणाली, "मागच्या आठवड्यांतही तुम्ही हेंच सांगितलंत." त्यावर कारकुनाजवळ उत्तर नव्हतें, आणि बाईजवळ घरीं परत जाण्यावांचून दुसरा मार्ग नव्हता.

त्या कारकुनाला शिव्या देण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. तो बिचारा खरेंच बोलत होता. आमचा सवाल त्या "वरून" ह्या शब्दाला आहे. म्हातारा नातवाच्या पाठीवरून वरच्या मजल्यापर्यंत पोंचला; पण त्याच्याही वर कोण बसला आहे, तो कोणत्या तारखेला पैसा खालीं सोडणार, आणि सोडला नाहीं तर त्याचा कान कोणीं धरावयाचा, हें त्याला कोणीच सांगूं शकलें नाहीं. ज्या देण्याला तारीख नाहीं तें देणेंच नव्हे, ती भीक होय, आणि भीक घालणाऱ्याला "उशीर कां केलास?" असें विचारण्याची सोय नसते. सरकारनें कायद्यानें कबूल केलेल्या देण्याची अशी भीक कां व्हावी, एवढेंच आम्हांला आज विचारावयाचें आहे.

हा पैसा आहे तरी केवढा, तें प्रथम पाहूं. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालीं सुरू झाली. अपंग, अनाथ मुलें, विधवा, परित्यक्ता, दुर्धर रोगानें खिळलेले, असे ज्यांना कमाईचें साधन नाहीं, त्यांच्यासाठीं ती आहे. २०१९ सालीं महिन्याला १,००० रुपये, २०२३ च्या जुलैपासून १,५०० रुपये, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून अपंगांपुरते २,५०० रुपये, अशी तिची चढती कमान सरकारी पत्रकांत मोठ्या टाइपांत छापली जाते. केंद्र सरकारनें तीव्र अपंगत्व असलेल्या गरिबांसाठीं २००९ सालीं एक निराळी पेन्शन काढली. तिच्यांतील केंद्राचा वाटा २०१२ सालीं महिना ३०० रुपये झाला, आणि पुढें बारा वर्षें लोटलीं तरी तो खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा जागचा हालला नाहीं. मिठापासून तेलापर्यंत सारें महाग झालें. स्वस्त राहिला तो फक्त अपंग माणूस.

पोरक्या मुलांसाठीं बालसंगोपन योजना आहे. आईबाप नसलेलें, एकच पालक उरलेलें, किंवा ज्याचे पालक दुर्धर आजारानें अंथरुणाला खिळले आहेत असें मूल आश्रमांत न धाडतां कुटुंबांतच वाढावें, हा तिचा हेतु. महिना ४२५ रुपयांवर ही मदत रखडली होती. करोनाच्या सांथीनें घरोघरचीं कर्तीं माणसें नेलीं, तेव्हां २०२१ सालीं ती १,१०० झाली. २०२३ सालीं २,२५० झाली. ह्या योजनेला सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव दिलेलें आहे. त्या नांवाबद्दल आम्हांला शेवटीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

आंकडे थोडे आहेत. पण आमचें आजचें भांडण आंकड्यांशीं नाहीं. २,५०० रुपये म्हणजे दिवसाला ८३ रुपये. तेवढ्यांतही संसार हांकण्याची विद्या आमच्या गरीब बायांना अवगत आहे. परंतु ते ८३ रुपये रोजचे आहेत, कीं चार महिन्यांनीं कधीं तरी येणारे आहेत, हें ठाऊक असल्याखेरीज कोणतीही विद्या चालत नाहीं. पगारदाराला पगार थोडा असला तरी तो कधीं येणार हें माहीत असतें, म्हणून दुकानदार त्याला उधार देतो. आमच्या निराधाराला मात्र थोडें तर थोडें, आणि तेंही केव्हां येईल तेव्हां.

शब्दांच्या बाबतींत आमचें सरकार फार उदार आहे. "अपंग" हा शब्द त्याच्या कानाला खुपला, म्हणून "दिव्यांग" हा शब्द आणला. २०२२ च्या डिसेंबरांत दिव्यांगांसाठीं स्वतंत्र खातेंही उघडलें. शब्द गोड आहे, खातेंही हवेंच होतें. पण गोड शब्दानें भाकरी गोड होत नाहीं. अपंगांच्या हक्कांचा कायदा पार्लमेंटानें २०१६ सालीं केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्याच्या २४ व्या कलमांत स्वच्छ लिहिलें आहे कीं, इतरांसाठीं असलेल्या तशाच योजनांहून अपंगांना मिळणारी मदत निदान शेंकडा २५ नें अधिक असली पाहिजे. आमच्याकडे काय झालें? विधवेला १,००० तेव्हां अपंगालाही १,०००. विधवेला १,५०० तेव्हां अपंगालाही १,५००! २०२५ च्या जूनांत अमरावती जिल्ह्यांतील गुरुकुंज मोझरी येथें बच्चू कडू ह्यांनीं शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर अपंगांच्या अनुदानासाठींही अन्नत्याग केला; आणि कायद्यानें सांगितलेला फरक अपंगाच्या हातीं पडावयाला त्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडावा लागला. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ कायदा कपाटांत होता आणि अपंग दारांत उभा होता. त्या आठ वर्षांची बाकी कोणीं दिली? ज्याला आठ वर्षांचा उशीर पचला त्याला चार महिन्यांच्या उशिराची ढेकरही येत नाहीं, ह्यांत नवल कसलें!

आतां हा पैसा वाटेंत कोठें अडतो तें पाहूं. पूर्वीं तो मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तहसिलीला येई. तेथें याद्या होत, बिल कोषागारांत जाई, आणि मग बँकेंत किंवा पोस्टांत पडे. साखळींतील एक कडी अडली कीं सारेंच अडे. लोकांनीं ओरड केली. तेव्हां सरकारनें सांगितलें कीं, आतां मधलें कोणी नको, पैसा थेट खात्यांत. २०२४ च्या डिसेंबरपासून ह्या योजनेचा पैसा डीबीटीनें देण्यास आरंभ झाला. कल्पना चांगली आहे, तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण झालें काय, कीं एक अडचण गेली आणि तिचीं चार पोरें घरांत शिरलीं. आधार बँकेला जोडलेलें नाहीं. एका कागदावर नांवापुढें "बाई" आहे, दुसऱ्यावर नाहीं. खातें बरेच दिवस न वापरल्यानें बंद पडलें. अंगठा उठत नाहीं. अहो, ज्यानें जन्मभर दगड फोडले त्याचा अंगठा उठावयाचा कसा? कुष्ठरोगानें ज्याचीं बोटें झडलीं त्यानें यंत्रावर काय ठेवावें? २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे जे एकवीस प्रकार मोजले त्यांत कुष्ठरोगांतून बरे झालेलेही आहेत. म्हणजे कायद्याला तो माणूस दिसतो, यंत्राला दिसत नाहीं. पूर्वीं कारकुनाशीं भांडतां तरी येई. आतां यंत्राशीं भांडावयाचें, आणि यंत्राला ना कान ना लाज.

दुसरी गोष्ट आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी, कारण तिची चर्चा फार थोडे करतात. हा पैसा अंदाजपत्रकांत एका पिशवींत येत नाहीं. सर्वसाधारण, अनुसूचित जाति, अनुसूचित जमाति अशा निरनिराळ्या लेखाशीर्षांखालीं तो येतो; केंद्राचा वाटा आणखी निराळा. ह्या विभागणीचा मूळ हेतु चांगला आहे. दुर्बळांच्या वाट्याचा पैसा दुसऱ्यानें पळवूं नये, म्हणून ती केलेली. परंतु एका शीर्षाचा पैसा आला आणि दुसऱ्याचा नाहीं, असें झालें कीं, एकाच आळींतील दोन विधवांपैकीं एकीचें खातें भरतें आणि दुसरीचें कोरडें राहतें. मग गांवांत कुजबूज सुरू होते: "त्यांना मिळालं, आम्हांलाच नाहीं." भुकेल्यांनीं भुकेल्यांकडे वाकड्या नजरेनें पाहावें, आणि ज्यानें दोघांचें अडविलें तो मजेंत राहावा! पोटाला जात नसते. ती लेखाशीर्षाला आहे. सरकारनें आधीं सर्वांना एकाच दिवशीं द्यावें आणि मग शीर्षांचा ताळा आपल्या घरांत बसून जमवावा. दिवाळीच्या फराळाला कोणतें पीठ कोणत्या डब्यांतलें, हें घरची बाई पाहुण्याला सांगत बसत नाहीं.

तिसरी गोष्ट दाखल्यांची. आपण जिवंत आहों, हें निराधारानें दरवर्षीं सिद्ध करून द्यावें लागतें. हयातीचा दाखला चुकला कीं अनुदान बंद. आणि बंद झालेलें पुन्हां सुरू होईपर्यंत कधीं कधीं दाखल्याचा मालकच उरत नाहीं. खोट्या नांवांवर पैसा जाऊं नये, हें आम्हांलाही मान्य आहे. पण विचित्रपणा असा पाहा कीं, गरिबाला पाळावयाच्या तारखा ढीगभर आहेत; दाखल्याची तारीख, तपासणीची तारीख, बँकेंत कागद देण्याची तारीख. त्यानें एक चुकविली कीं शिक्षा तात्काळ. सरकारला पाळावयाची तारीख मात्र एकही नाहीं, आणि शिक्षाही नाहीं. करार दोघांचा, आणि दोरी एकाच्याच गळ्यांत!

पोरक्या मुलांची गोष्ट तर ह्याहून वाईट आहे. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कचेरींत द्यावयाचा; मग घरची चौकशी; मग बालकल्याण समितीचा हुकूम; मग अनुदानाची वाट. जिल्ह्याचें गांव साठ-सत्तर मैल. आजी नातवाला घेऊन एस्. टी.नें जाते, दिवसाचा रोज बुडतो. आणि एवढें करून पैसा कधीं येतो? शाळा जूनमध्यें उघडते. वह्या, दप्तर, चपला जूनमध्यें लागतात. तो पैसा माघांत एकदम आला तर त्याचा जूनला काय उपयोग? वरातीमागून घोडें आणण्याचाच हा प्रकार. मोठा माणूस एक वेळ उपास काढील. पण वाढत्या अंगाच्या पोराला राहिलेलें दूध पुढच्या वर्षीं पाजतां येत नाहीं. मुलाचें वय सरकारी शेऱ्यासाठीं खोळंबत नाहीं. तें वाढत जातें, आणि अठरा पुरीं झालीं कीं योजना हात झाडते.

कोणी म्हणेल, "उशिरा कां होईना, पैसा मिळतो ना? बुडत तर नाहीं?" ह्या शहाण्यांसाठीं आम्ही एक साधा हिशेब मांडतों. एका अपंगाला महिन्याच्या ७ तारखेला २,५०० रुपये मिळावयाचे आहेत असें धरा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल, चारही महिने कोरडे गेले, आणि सारी बाकी ७ मे रोजीं एकदम जमा झाली. मधल्या काळांत त्यानें दर महिन्याला तेवढेच २,५०० सावकाराकडून शेंकडा पांच दरमहा व्याजानें काढले. पहिल्या रकमेचें चार महिन्यांचें व्याज ५००, दुसरीचें तीन महिन्यांचें ३७५, तिसरीचें २५०, चौथीचें १२५. एकूण १,२५० रुपये. म्हणजे सरकारनें १०,००० दिले असें दप्तरांत लिहिलें गेलें; अपंगाच्या पदरांत पडले ८,७५०; आणि बाकीचें सावकाराचें अनुदान झालें! शिवाय कचेरीचे हेलपाटे, बरोबरच्या माणसाचा बुडालेला रोज, आणि "पैसा आला कीं देतों" असें दारोदार सांगतांना गेलेली अब्रू, ह्यांचा हिशेब आम्हीं धरलाच नाहीं. तेव्हां पैसा बुडत नाहीं, हें म्हणणें खोटें आहे. पैसा बुडतो, तो सरकारचा बुडत नाहीं, एवढेंच.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. "पैसाच नाहीं, तर सरकार देणार कोठून?" आम्ही विचारतों, २०२४ सालीं पैसा कोठून आला होता? त्या वर्षीं जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली. महिना १,५०० रुपये. नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक होती; आणि ऑक्टोबर व नोव्हेंबर अशा दोन महिन्यांचा हप्ता ऑक्टोबरांतच बहिणींच्या खात्यांत पडला! जो महिना अजून उजाडला नव्हता त्याचाही पैसा आधीं पोंचला. तेव्हां ना यंत्र अडलें, ना कोषागार. आमच्या बहिणींना मिळालें ह्याबद्दल आम्हांला आनंदच आहे. त्याही कष्टकऱ्यांच्याच लेकी आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध अपंगांना उभें करण्याचा डाव कोणी खेळूं पाहील तर तो आम्ही चालूं देणार नाहीं. आमचा मुद्दा इतकाच कीं, मनांत असलें म्हणजे सरकारला महिन्याच्या आधींही देतां येतें. पुढें २०२५ च्या मे महिन्यांत, सामाजिक न्याय खात्याचा पैसा दुसरीकडे वळविल्याबद्दल त्याच खात्याचे मंत्री संजय शिरसाट ह्यांनीं उघड नाराजी दाखविली. ज्या खात्याच्या मंत्र्यालाच आपल्या पिशवीचें तोंड धरतां येत नाहीं, त्याच्या दारीं बसलेल्या निराधाराची काय कथा!

तिसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. असतील; आम्ही नाहीं म्हणत नाहीं. धडधाकट माणसें दाखले विकत घेऊन अपंग झालेलीं आम्हांलाही माहीत आहेत. त्यांना खुशाल हुडकून काढा, पैसा वसूल करा, दाखला देणाऱ्या डॉक्टरलाही सोडूं नका. परंतु एक चोर सांपडावा म्हणून साऱ्या गांवाचा चुलाणा विझविण्याचा अधिकार पोलीसपाटलालाही नाहीं. आधीं नोटीस, मग चौकशी, मग निकाल, आणि मग बंदी, हा न्यायाचा क्रम आहे. येथें आधीं बंदी, आणि चौकशी निराधारानेंच करावयाची कीं माझें कां बंद झालें!

ठरल्या तारखेला देणें ही आम्हीं आज काढलेली टूम नव्हे. १९३६ सालच्या, इंग्रजी अमदानींतल्या वेतन कायद्यानें गिरणी-कारखान्यांच्या मालकांना पगार वाटण्याची मुदत घालून दिली होती. लहान कारखान्याला महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आंत, मोठ्याला दहाव्याच्या आंत. २००५ सालच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालीं मजुरी पंधरा दिवसांत न मिळाल्यास मजुराला उशिराची भरपाई देण्याचा नियम झाला होता. आणि सर्वोच्च न्यायालयानें तर अन्नाच्या हक्काच्या खटल्यांत २८ नोव्हेंबर २००१ रोजीं हुकूम केला कीं, वृद्धांच्या राष्ट्रीय पेन्शनचा पैसा राज्यांनीं दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा. म्हाताऱ्याला जी तारीख न्यायालयानें लावून दिली, ती अपंगाला आणि पोरक्या मुलाला लावण्यास हरकत कोणती?

आतां आणखी एक तुलना करा, आणि ती सभेसभेंत सांगा. एखाद्या श्रीमंतानें प्राप्तिकर जास्त भरला आणि सरकारनें त्याचा परतावा देण्यास उशीर केला, तर सरकार त्याला शेंकडा अर्धा दरमहा व्याज देतें. श्रीमंताचा पैसा सरकारकडे राहिला तर व्याज; अपंगाचा पैसा राहिला तर "पुढच्या आठवड्यांत बघून जा." आणि हाच अपंगाचा भाऊ शेतसारा किंवा घरपट्टी चुकवील तर दंडाचा कागद त्याच्या दारावर चिकटतो. देणेकरी गरीब असला तर कायदा जागा, देणेकरी सरकार असलें तर कायदा झोंपलेला. ह्याला राज्य म्हणावें कीं सावकारी?

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. त्या थोड्या आहेत आणि करण्यासारख्या आहेत.

१. निराधार, अपंग आणि बालसंगोपन ह्या सर्व अनुदानांचा पैसा दर महिन्याच्या ७ तारखेच्या आंत खात्यांत पडलाच पाहिजे, असा कायदा व्हावा. सरकारी ठराव नको; ठराव कपाटांत जातो.

२. ७ तारीख टळली तर प्रत्येक दिवसाचें व्याज निराधाराला आपोआप मिळावें. त्यासाठीं अर्ज करावा लागूं नये. लोकसेवा हक्काच्या २०१५ सालच्या कायद्यानें जाहीर केलेल्या सेवा वेळेवर न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड सांगितला आहे. तोच चाबूक येथेंही लागावा.

३. सर्व लेखाशीर्षांचा पैसा एकाच दिवशीं सुटावा. केंद्राचा वाटा आला नसेल तर राज्यानें आपल्या पदरचा आधीं घालावा आणि मग केंद्राशीं भांडावें.

४. लेखी नोटीस आणि निदान एका महिन्याची मुदत दिल्यावांचून कोणाचेंही अनुदान बंद करूं नये. हयातीची तपासणी तलाठ्यानें किंवा ग्रामसेवकानें अंथरुणाला खिळलेल्याच्या घरीं जाऊन करावी. अंगठा न उठणाऱ्यासाठीं दुसरी सोय लेखी हुकुमानें ठरवावी.

५. नवा अर्ज मंजूर व्हावयाला लागलेल्या दिवसांची झळ अर्जदाराला लागूं नये. अनुदान अर्जाच्या तारखेपासून मोजावें. मंजुरी देणाऱ्या तालुका समितीची बैठक भरली नाहीं, हा अर्जदाराचा अपराध नव्हे.

६. बालसंगोपनाचे पहिले तीन महिने जूनच्या आरंभीं आगाऊ द्यावे.

७. कोणत्या महिन्याचा पैसा कोणत्या तारखेस सुटला, हें ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहावें.

सरकारला एवढें सांगून झालें. आतां आपल्या लोकांना दोन शब्द. मंडळी, हा उशीर आपण चालूं दिला म्हणून चालला. आमदार आपला, सभापति आपला, समितीचा अध्यक्ष आपला. आज तक्रार करावयाची ती परक्याविरुद्ध नाहीं. मतांच्या वेळीं ह्याच अपंगांना मोटारींत घालून केंद्रावर नेणारे पुढारी पुढचीं पांच वर्षें त्यांना बैलगाडींतही घेत नाहींत. आणि प्रत्येक कचेरीच्या बाहेर झाडाखालीं बसलेला जो दलाल "एक हप्ता माझा, बाकीचे तुझे" असा सौदा करतो, तोही पुष्कळदां आपल्याच जातिगोताचा असतो. उशीर हेंच त्याचें भांडवल. पैसा तारखेवर आला तर त्याचें दुकान त्याच दिवशीं उठेल. म्हणून उशिराचा खरा लाभार्थी तो आहे. परक्याच्या लुटीवर लिहितांना जी लेखणी तिखट होते ती घरच्या लुटीवर बोथट होऊं नये.

तेव्हां करावें काय? प्रत्येक गांवांतील चार शिकलेल्या तरुणांनीं आपल्या गांवच्या निराधारांची यादी करावी. कोणाचे किती महिने राहिले तें पासबुक पाहून लिहावें. ८ तारखेला पैसा आला नसेल तर सर्वांचा एक अर्ज तहसीलदाराला द्यावा आणि पोंच घेतल्यावांचून उठूं नये. माहिती अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याखालीं, पैसा कोणत्या टेबलावर किती दिवस होता, हें विचारावें. तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी पडत नाहीं. अपंगांच्या तक्रारी पुण्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी धाडाव्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या दिवशीं ग्रामसभा भरते. तेथें ही यादी मोठ्यानें वाचावी आणि ठरावांत लिहवून घ्यावी. एकट्या पांगळ्याला कचेरी "बघून जा" म्हणते. चाळीस निराधारांची यादी घेऊन गेलेल्या गांवाला ती खुर्ची देते, हा आमचा अनुभव आहे.

आतां शेवटची गोष्ट, त्या नांवाची. १८६३ सालीं पुण्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांनीं निराश्रित विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. त्यांतल्याच एका विधवेचें मूल त्यांनीं पोटचें म्हणून वाढविलें. तोच डॉक्टर यशवंत. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग पसरला, तेव्हां सावित्रीबाई रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें १० मार्चला गेल्या. त्या माउलीनें रोग्याला "पुढच्या आठवड्यांत ये" असें सांगितलें नाहीं. पोरक्या मुलाला जवळ घेण्याआधीं तिनें लेखाशीर्ष विचारलें नाहीं. तिचें नांव योजनेच्या पाटीवर आहे, आणि त्या पाटीखालीं आजी नातवाला घेऊन सहा महिन्यांच्या पैशासाठीं बसली आहे, हें दृश्य ज्या राज्यांत दिसतें त्या राज्यानें एक तर ती पाटी उतरवावी, नाहीं तर पैसा तारखेला द्यावा. पाटी उतरावी असें आम्हांला वाटत नाहीं. म्हणून तारीख मागतों. सात तारीख.